पहिला भेटेल तो कुम

माझी पहिली दोन मुलं वर्षाच्या आत गेली. तिसरी उल्याना झाली तेव्हा सासूबाईंनी मला विचारलंसुद्धा नाही. कशिद्याच्या टॉवेलात पाव गुंडाळला आणि सकाळीच रस्त्यावर जाऊन उभ्या राहिल्या.

ज्या घरात मुलं जगत नाहीत, तिथं बाळाचा धर्मबाप नातलगांतून निवडायचा नाही, अशी आमच्या वेर्बिव्का गावाची रीत. रस्त्यावर पहिला जो माणूस भेटेल त्याच्या हातात पाव द्यायचा आणि म्हणायचं, आमचा कुम हो. चोर असो, वेडा असो, परमुलखातला असो. मृत्यू नेहमीच्या ओळखीच्या दारांनी घरात शिरतो, म्हणून हे नवं दार. ज्याला विचारलं त्यानं नाही म्हणायचं नसतं. आणि एकदा तो कुम आणि बाळाची आई त्याची कुमा झाली की नातं रक्तापेक्षा जवळचं. भावाशी भांडता येतं, कुमाशी नाही, असं सासूबाई म्हणायच्या. पारास्का त्यांचं नाव. भावाशी त्या जन्मभर भांडल्या, एवढं मात्र खरं.

चव्वेचाळीसचा जुलै होता. जर्मन नुकतेच हटले होते, आणि गावाशेजारच्या विमानतळावर अमेरिकन उतरले होते. पश्चिमेकडून उडायचे, वाटेत जर्मनांवर बॉम्ब टाकायचे आणि आमच्याकडे येऊन थांबायचे. त्यांनी पोलादाच्या भोकाभोकांच्या पट्ट्या जमिनीवर अंथरून धावपट्टी केली होती. माझा नवरा तिमिश तिथं मेकॅनिक होता. त्यांचे मेकॅनिक आणि आपले मेकॅनिक एकाच इंजिनात चार चार हात घालायचे. तिमिश घरी येऊन सांगायचा की त्यांच्याकडे पाना हरवला तर शोधत बसत नाहीत, दुसरा घेतात. ह्याचं त्याला सगळ्यात जास्त नवल वाटायचं.

त्यांचं डब्यातलं डुकराचं चरबट मांस आम्ही सगळ्यांनी खाल्लं. त्या डब्याला आपल्या शिपायांनी 'दुसरी आघाडी' असं नाव ठेवलं होतं. दोन वर्षं म्हणतायत की पश्चिमेकडून लढाई उघडतो, लढाई तर उघडत नाहीत, निदान डबा तरी उघडू या. सगळे हसायचे. तेव्हा अशा गोष्टींवर हसायला परवानगी होती.

तर त्या सकाळी विमानतळाच्या बाजूनं दोन माणसं चालत आली. पुढं होता लाल केसांचा एक उंच अमेरिकन मेकॅनिक. त्याच्या मागं एक पाऊल होता आपला लेफ्टनंट कोप्तेव. अमेरिकनांना एकट्यानं गावात फिरू द्यायचं नाही, असा हुकूम होता, म्हणून प्रत्येकाच्या मागं एक कोप्तेव असायचा. सासूबाईंनी पुढच्याच्या हातात पाव ठेवला.

देवाची करणी बघा, त्याला ते कळलं. त्याचा बाप आमच्याच बाजूच्या डोंगरांतून निघून तिकडच्या कोळशाच्या खाणीत गेलेला. नाव वॉल्टर, पण घरी आई वोलोदको म्हणायची. आमची भाषा तो मोडकीतोडकी बोलायचा, तीही जुन्या म्हाताऱ्यांसारखी. चर्चमध्ये त्यानं क्रूसही बरोबर आमच्यासारखा उजवीकडून डावीकडे काढला, म्हणून पाद्रीही मुकाट राहिला. उल्यानाला त्यानं डाव्या हातावर धरली होती. त्या हाताची करंगळी लहानपणी कोळशाच्या गाड्याखाली गेलेली, म्हणून मला आपलं वाटत राहिलं, पोरगी निसटते की काय. नाही निसटली.

मग घरी जेवणं झाली. कोप्तेवही बसला. आधी ताठ बसला, मग गाऊ लागला, मग सासूबाईंना धरून असा नाचला की त्याच्या बुटाची टाच निघाली. तिमिशनं ती तिथंच ठोकून दिली. निघताना कोप्तेव म्हणाला की मी जरा भरभर चाललो असतो तर आज मीच कुम झालो असतो. सासूबाई म्हणाल्या, पुढच्या नातवाला भरभर चाल.

पुढचा नातू झाला नाही. उल्याना जगली. वर्षभरानं लढाई संपली, अमेरिकन गेले, जाताना वोलोदकोनं तिमिशला मिठी मारली आणि दोघंही रडले. मी उगाच तिखट मीठ लावत नाही, मी बघितलं.

गरज सरो, वैद्य मरो. हे एका दिवसात झालं नाही, म्हणून तर आम्हाला कळलं नाही. आधी वर्तमानपत्रातून त्यांचे फोटो गेले. मग त्यांची चित्रं यायला लागली, पोट सुटलेली, दातांत सिगार, हातात बॉम्ब. आधी म्हणायचे मित्रराष्ट्र, मग म्हणू लागले माजी मित्र, मग नुसतंच 'ते'. ज्या लढाईत दोघांनी मिळून एका लांडग्याला मारलं, तिच्यातून दोघंही एवढे मोठे होऊन बाहेर पडले की मध्ये तिसऱ्याला उभं राहायला जागा उरली नाही. आणि आम्ही नेमके मध्येच राहत होतो. आमच्या कुंपणाला त्यांच्या धावपट्टीच्या पोलादी पट्ट्या, आमच्या कपाटात त्यांच्या डब्याचे केलेले पेले, आणि आमच्या पोरीला त्यांचा धर्मबाप.

एकोणपन्नासच्या उन्हाळ्यात विमानतळाला दुहेरी तारा लागल्या. नवी मोठी बॉम्ब टाकणारी विमानं आली. तिमिशला त्यांच्यावर काम मिळालं, कारण चांगला मेकॅनिक होता, आणि आम्ही खूश झालो. शरदात बातमी फुटली की आपल्याकडेही आता त्यांच्यासारखा अणुबॉम्ब आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. न वाजवून सांगते कुणाला.

त्यानंतर विमानतळावरच्या एका वेगळ्या इमारतीत बोलावणी सुरू झाली. त्या इमारतीला नाव नव्हतं, आम्ही 'ते घर' म्हणायचो. चव्वेचाळीसमध्ये ज्यानं ज्यानं अमेरिकनांबरोबर काम केलं, त्या प्रत्येकाला तिथं जावं लागलं. ऑक्टोबरात आमच्या शेजारच्या स्विरिदला नेलं. स्विरिद गवंडी, चुली बांधायचा. त्याच्याकडे एक फोटो सापडला, दोन अमेरिकनांच्या मध्ये हा, तिघांच्या हातात टरबुजाच्या फोडी. त्या टरबुजाला काय झालं कुणास ठाऊक, पण स्विरिद परत आला नाही. त्याची बायको खिमा विहिरीवर आली की बाकीच्या बाया बादल्या अर्ध्या भरून निघून जायच्या. मीही जायचे. खिमानं मला पोरीच्या बाळंतपणात आठ दिवस जेवण पुरवलं होतं. भीती माणसाला काय करते ते कुणी मला शिकवू नये.

त्या आठवड्यात गावातली सगळी कुंपणं बदलली. कुणी कुणाला काही म्हणालं नाही. पोलादी पट्ट्या तळ्यात गेल्या आणि त्यांच्या जागी वेताची जुनी कुंपणं आली. वरून कुणी बघितलं असतं तर म्हणाला असता, इथं कधी कुणी आलंच नव्हतं.

नोव्हेंबरात तिमिशला बोलावलं. तो परत आला तो सरळ लाकडं फोडायच्या जागी गेला आणि मला हाक मारली. आमच्या घरात महत्त्वाचं बोलणं दोन मुठींची करवत ओढताना व्हायचं, कारण करवतीच्या आवाजात शेजाऱ्याला काही ऐकू जात नाही. एक टोक त्याच्या हातात, एक माझ्या. दोनचार वेळा ओढली तेव्हा तो बोलला.

"आत कोण बसलाय माहितीये? कोप्तेव. मेजर झालाय."

माझा हात थांबला. तो म्हणाला, ओढ, थांबू नकोस.

"ओळख दाखवली?"

"नाही. विचारलं, कामाखेरीज कुणा अमेरिकनाशी संबंध होता का. मी म्हणालो, नाही. त्यानं लिहिलं, नाही. मग आम्ही दोघं टेबलाकडे बघत बसलो."

असं तीनदा झालं. तीनदा तोच प्रश्न, तेच उत्तर. तिमिशला नातं कबूल करता येत नव्हतं, कारण परदेशात कुम म्हणजे परदेशात नातलग, आणि मोठ्या विमानाला हात लावणाऱ्याला परदेशात नातलग असणं म्हणजे सरळ उत्तरेकडच्या छावण्यांची गाडी. आणि कोप्तेवला तर ते त्याहून कबूल करता येत नव्हतं. ज्याच्यावर पाळत ठेवायची त्याच्याच बाजूला बसून तो प्यायला होता, चर्चमध्ये उभा राहिला होता, आणि वरच्यांना कळवलं नव्हतं. म्हणजे दोघांची गाठ एकाच दोरीची. एकानं ओढली की दुसऱ्याच्या गळ्याला फास. मला वाटलं, मग बरंच आहे, दोघंही ओढणार नाहीत. तिमिश म्हणाला, "तसं नाही ओदार्का. दोरीला घाबरलेला माणूस आधी दोरी कापतो. आणि सुरी त्याच्या हातात आहे."

हे ऐकल्यापासून माझी झोप गेली. दारापाशी बूट वाजला की मी हातातलं काम टाकून ऐकत राहायचे. पोस्टमनचा बूट मी ओळखायला शिकले, गवळ्याचाही.

आणि अशा घरात माझ्या सासूबाई. ख्रिस्तजन्माच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे मेलेल्यांसाठी आणि दूर असलेल्यांसाठी ताटाशेजारी चमचे मांडतात. दर वर्षी त्या सासऱ्यांचा मांडायच्या, माझ्या दोन बाळांचे दोन छोटे, आणि एक वोलोदकोचा. मांडताना नाव मोठ्यानं घ्यायच्या. तिमिशनं त्यांना हात जोडले. आई, निदान या वर्षी नाव घेऊ नका.

"का? त्यानं काय चोरी केली?"

"आई, तुम्हाला कळत नाही. त्यांचं आणि आपलं वाकडं आलंय."

"सरकारांचं आलं असेल. सरकारं सकाळी गळ्यात पडतात नि संध्याकाळी गळा धरतात. कुम म्हणजे काय हंगामी गडी आहे? पोरगी जगली ती कुणाच्या हातावर?"

मी चिडून म्हणाले, पोरगी जगली हे खरं, पण तिचा बाप जगायला नको का.  पण रात्री सासूबाई चुलीच्या वरच्या उबदार ओट्यावर उल्यानाला कुशीत घेऊन कुजबुजायच्या, आणि काय कुजबुजायच्या ते मला माहीत होतं. तुझा धर्मबाप लाल केसांचा आहे. विमानं दुरुस्त करतो. डाव्या हाताला चारच बोटं आहेत, पण त्या चार बोटांत तुला असं धरलं की मृत्यू हात हलवत परत गेला. पोरीला तीच गोष्ट रोज हवी असायची. सासूबाई गोष्ट सांगायच्या त्या आज घडल्यासारखी. तो आपल्या देशी परत गेला, असं त्यांनी कधी सांगितलंच नाही. मी हे थांबवायला हवं होतं, पण म्हातारीचा तेवढाच विरंगुळा, आणि मला वाटलं, पोर आहे, विसरेल.

डिसेंबरात तिमिश करवतीवर अजून एक गोष्ट बोलला. त्या विमानांच्या टाक्या भरायचं काम त्याच्याकडे होतं. तो म्हणाला की हिशोब केला, वोलोदकोच्या खाणीच्या गावापर्यंत जायला इंधन पुरतं. परत यायला पुरत नाही. वोलोदकोनं शिकवलेल्या हातांनीच मी त्या टाक्या भरतो, म्हणाला. मग बराच वेळ आम्ही नुसतीच करवत ओढली, ओंडका कापून झाला तरी.

आता ख्रिस्तजन्माच्या आदल्या संध्याकाळचं सांगते. त्या संध्याकाळी आमच्याकडे मुलं आपल्या धर्मबापाकडे आणि धर्मआईकडे जेवण पोचवतात. फडक्यात बांधलेला वाडगा, त्यात खसखस आणि मध घातलेली गव्हाची खीर, वर पाव. दारात म्हणायचं, "आईबाबांनी आणि आजीनं तुमच्यासाठी जेवण पाठवलंय." त्यांनी तीन चमचे खायचे आणि पोराच्या हातावर काहीतरी ठेवायचं. उल्यानाची धर्मआई मोत्र्या तीन घरं सोडून राहायची. पोरगी तिथं जाऊन आली, मुठीत अक्रोड घेऊन. मी गोठ्यात गेले. तिमिश अजून कामावरून यायचा होता. सासूबाई चमचे मांडत होत्या, आणि वोलोदकोच्या वाट्याचा वाडगा त्यांनी चमच्यासकट फडक्यात बांधून खिडकीत ठेवला होता.

मी परत आले तर खिडकीत वाडगा नव्हता आणि पोरगीही नव्हती.

"आई, उल्याना कुठाय?"

सासूबाईंनी खिडकीकडे बघितलं. मग माझ्याकडे. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला, तेव्हा मला कळलं की म्हातारीला सगळं कळत होतं, नेहमीच कळत होतं.

बर्फात पावलं होती. चिमुकली, सरळ, कुठंही न रेंगाळलेली. मोत्र्याच्या घराकडे नाही, विमानतळाकडे. मी शाल न घेता धावले. आकाशात पहिली चांदणी आली होती, घराघरांतून लोक जेवायला बसण्याआधी तिच्याकडे बघायला बाहेर येत होते, आणि मला धावताना बघून आत जात होते. खिमाच्या दारावरून गेले तेव्हा ती उभी होती. ती आत गेली नाही. मला लाज वाटली, पण थांबायला वेळ नव्हता. मी एकच गोष्ट मागत होते, की पहारेकऱ्यानं तिला काही न विचारता हाकलून द्यावं. देवा, त्याला दुष्ट कर, असं मी म्हणत होते. चांगला माणूस असेल तर तो विचारेल.

फाटकापाशी दिवा होता आणि दिव्याखाली मोटार उभी होती. वरून तपासणीला कुणी कर्नल आला होता, जाड फरची कॉलर, तो निघत होता. त्याला निरोप द्यायला कोप्तेव उभा होता. साडेपाच वर्षांत तो बराच जाड झाला होता, पण उभा तसाच होता, एक पाऊल मागे. आणि त्या दोघांच्या पुढ्यात माझी पोरगी, दोन्ही हातांत वाडगा उचलून.

कर्नल हसत होता. त्याला गंमत वाटत होती. त्यालाही कुठं नातवंडं असतील.

"काय आणलंस गं?"

"जेवण. माझ्या धर्मबापासाठी. तो इथं विमानं दुरुस्त करतो."

"अरे वा. इथं? आमच्याकडे? नाव काय त्याचं?"

मी दिव्याच्या उजेडात आले ती तेव्हाच. कोप्तेवनं मला बघितलं.  पोरीनं तोंड उघडलं, आणि मी बघितलं की तिच्या ओठांवर ते नाव येतंय. पाचावर धारण बसते म्हणतात ना, तशी माझी बसली. 

"मीच तो, कॉम्रेड कर्नल," कोप्तेव म्हणाला.

कर्नलचं हसू होतं तिथंच राहिलं. "तुम्ही?"

"चव्वेचाळीसमध्ये. इथं एक रीत आहे, मूल जगावं म्हणून रस्त्यात पहिला भेटेल त्याला उभं करतात. म्हातारी आडवी आली. मी पहिला होतो. नाही म्हटलं असतं तर गावात वाईट झालं असतं, तेव्हा लोकांना सांभाळून घ्यायचं होतं." तो हे असं बोलत होता की जणू घोकून ठेवलेलं. कदाचित ठेवलंही असेल. आमच्यासारखीच त्याचीही झोप गेली असणार.

"चर्चमध्ये," कर्नल म्हणाला. "खिशात पक्षाचं कार्ड, नि चर्चमध्ये."

"होय. चूक झाली."

 मग कर्नल गुडघ्यांवर हात टेकून पोरीपुढे वाकला. आता तो हसत नव्हता, पण आवाज मऊ होता, आणि तो मऊ आवाज मी अजून विसरले नाही.

"हाच का गं तुझा धर्मबाप? नीट बघून सांग."

कोप्तेवनं हातमोजे काढले होते आणि वाडगा घ्यायला हात पुढे केले होते. पोरीनं त्याच्या टोपीखालच्या केसांकडे बघितलं. काळे होते. मग तिनं त्याच्या डाव्या हाताकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मला दिसत होतं की ती मोजतेय. आजीनं तिला पाचापर्यंत मोजायला वोलोदकोच्याच हातावरून शिकवलं होतं: चार, आणि एक गेलेलं. तिनं मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. मी काही खूण केली नाही. शपथेवर सांगते, मला पापणीही हलवता आली नाही.

मग ती कोप्तेवकडे वळली आणि वाडगा त्याच्या हातात देत म्हणाली, "आईबाबांनी आणि आजीनं तुमच्यासाठी जेवण पाठवलंय."

कर्नलनं मला विचारलं, खरं का. मी हो म्हणाले. माझा आवाज मला दुसऱ्या कुणाचा वाटला.

कोप्तेवनं उभ्याउभ्या तीन चमचे खाल्ले, मग उरलेलंही संपवलं. घाईत खसखस त्याच्या मिशीला आणि कोटाला लागली. त्याला रीत आठवत होती, कारण मग त्यानं खिसे चाचपले आणि जे हाताला लागलं ते पोरीच्या मुठीत ठेवलं. एका टोकाला लाल, एका टोकाला निळी अशी अर्धी झिजलेली पेन्सिल. लाल टोक जास्त झिजलेलं. कर्नल म्हणाला, उद्या बोलू, आणि मोटारीत बसून गेला.

कोप्तेवनं वाडगा मला परत दिला. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही.

"मी एकच पाऊल मागं होतो, कुमा," तो म्हणाला. "आता त्याचं नाव घरात घेऊ नका."

लोक मला विचारतात, त्यानं तुम्हाला वाचवलं की स्वतःला. मला माहीत नाही, आणि खरं सांगायचं तर त्यालाही माहीत नसावं. चर्चमध्ये जाणं हा लहान गुन्हा होता, त्यानं लहान गुन्हा अंगावर घेऊन मोठा झाकला. तिमिशला पुन्हा बोलावणं आलं नाही. कोप्तेव वसंतापर्यंत दिसला, मग दिसेनासा झाला. कुठं पाठवला, का पाठवला, कुणी विचारलं नाही. त्याच्या जागी जो आला त्याला आम्ही कुणीच ओळखत नव्हतो, आणि तो आम्हाला ओळखत नव्हता, म्हणून गावात जरा श्वास घ्यायला जागा झाली. ती विमानं मात्र राहिली. रोज सकाळी उडायची, आणि खिडकीची काच थरथरायची.

पण मला सांगायचंय ते परतीच्या वाटेचं. मी उल्यानाचा हात घट्ट धरून चालत होते.  फाटकाचा दिवा मागं पडला, गावातल्या खिडक्या दिसायला लागल्या, तेव्हा ती म्हणाली, "आई, तो खोटं बोलला. त्याला पाच बोटं होती."

मी थांबले. आजूबाजूला कुणी नव्हतं, तरी मी आवाज खाली केला.

"मग तू तिथं का नाही बोललीस?"

"तुझं तोंड बघितलं मी," ती म्हणाली. "स्विरिदकाकाला नेलं तेव्हा खिमाकाकूचं होतं, तसं."

 मी तिला उचलून घेतलं. पाच वर्षांची पोर, जड झाली होती, तरी घरापर्यंत उचलूनच नेलं. वाटेत तिनं मला विचारलं की वोलोदको इथं नाहीच का. मी म्हणाले, नाही. कुठंय, म्हणाली. लांब आहे, म्हणाले. तिनं पुढं विचारलं नाही. एवढं विचारणारी पोर, तिनं पुढं विचारलं नाही, याचंच मला सगळ्यात भय वाटलं.

घरात तिमिश आला होता, भिंतीला पाठ लावून उभा होता. सासूबाई बाकावर बसल्या होत्या आणि त्यांच्यापुढं सगळे चमचे होते तसेच मांडलेले. त्यांनी पोरीला बघितलं आणि त्यांचे डोळे भरून आले. मग रिकामा वाडगा बघितला. त्यांना काय वाटलं कुणास ठाऊक. म्हाताऱ्या माणसाला चमत्कारावर विश्वास ठेवायला फारसं काही लागत नाही.

"कुणी खाल्लं गं ते?" त्यांनी विचारलं. "कुमानं खाल्लं?"

 तिमिश माझ्याकडे बघत होता. पण उल्यानानंच आधी आजीच्या चेहऱ्याकडे बघितलं, जसं फाटकापाशी माझ्याकडे बघितलं होतं, तितकाच वेळ, तितकंच नीट.

"खाल्लं, आजी," ती म्हणाली. "चार बोटांनी वाडगा धरून सगळं खाल्लं."

सासूबाईंनी क्रूस काढला आणि हसल्या. उल्याना बाकावर चढली, वोलोदकोचा चमचा उचलला, आणि आपल्या चमच्याखाली सरकवून ठेवला, म्हणजे एकच दिसेल. तिला हे कुणीही शिकवलं नव्हतं.